खाली घेतलंय

"काका, आजीला खाली घेतलंय," पुनम म्हणाली आणि फोन कट झाला.

शेषेरावांच्या हातातली कडब्याची पेंढी गळून पडली. पुतणी एवढंच बोलली होती, पण पुढचं सांगायला कशाला हवं? माणूस घटका मोजायला लागलं की त्याला पलंगावरून भुईवर घेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"लक्ष्मी, मी लातूरला निघालो. भावकीला सांग!" बायकोला एवढं ओरडून सांगत ते फाट्याकडे पळाले.

एसटीत बसल्यावर मात्र स्वतःचाच शब्द त्यांना खायला उठला. भूकंपात गावचं घर पडलं, तेव्हा आई धाकट्या हरिओमकडे लातूरला निघाली होती. शेषेराव तेव्हा ऐन तरुण, डोकं गरम. पत्र्याच्या शेडसमोर, चारचौघांत म्हणाले होते, "चाललीस तर जा. तुझ्या मातीला बी यायचा न्हाई मी!"

शब्द गेला आणि मानगुटीवर बसला. पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. हरिओमनं माडीवर खोल्या बांधून शिकणारी पोरं ठेवली. आईचं भान हळूहळू गेलं, तिला माणूस ओळखू येईना. पुनम फोन करायची, "काका, आजी पडली." शेषेराव म्हणायचे, "सुगी झाली की येतो." सुग्या होत राहिल्या, हे काही गेले नाहीत.

'मला ओळखलं न्हाई तरी चालंल,' ते देवाला विनवत होते, 'पण शब्द मागं घेईस्तोवर तिचा जीव राहू दे.'

हरिओमच्या दारात चपलांचा हा ढीग. पलंग अंगणात भिंतीला उभा करून ठेवलेला. घरात माणसं असूनही आवाज नव्हता.

हरिओम पुढे आला. त्याचे डोळे तांबडे झाले होते. "दादा, तू?" एवढंच तो म्हणाला.

आत भुईवर आई डोळे मिटून पडली होती. शेषेरावांनी तिचे पाय धरले, तळव्यांवर कपाळ टेकवलं आणि हंबरडा फोडला. "आई, चुकलो गं! तसं बोलाया नको होतं मी. माफ कर मला!"

पाय झटकन मागे गेले.

"कोण रं त्यो? गुदगुल्या करायलाय!"

शेषेराव बसल्या जागी कलंडले.

"आरं, आई बरी हाय की!" हरिओम म्हणाला. "रोज रात्री पलंगावरून पडायची. लोड लावले, खुर्च्या लावल्या, त्या ओलांडून पडली. माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. शेवटी पलंगच काढला, गादी भुईवर टाकली. आता पडून पडून पडंल कुठं?"

चपला माडीवरच्या पोरांच्या होत्या. आजीची झोप मोडू नये म्हणून ती स्वयंपाकघरात मुकाट जेवत होती.

शेषेरावांचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही करून घेतलं. आई त्यांच्याकडे टकमक बघत होती. कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्यांनी धरलेला हात तिनं सोडवून घेतला नाही.

पुनम चहा घेऊन आली, तसे ते तिच्यावर डाफरले. "पोरी, फोनवर असं बोलतेत का? खाली घेतलं म्हंजे काय, ठाव तरी हाय का तुला?"

पुनमनं कप त्यांच्यापुढे ठेवला.

"ठाव हाय की, काका. 'पडली' म्हणून कितींदा सांगितलं, तवा कुठं आलात?"