हवा लागली

आई न कळवताच माझ्या प्रयोगशाळेत आली, भलीमोठी बॅग घेऊन. टेबलावर तळ्याच्या तळातून काढलेल्या काळ्या गाळाची नळी होती. आईने सहज झाकणाला हात घातला.

"अगं, उघडू नकोस! हवा लागली की आतल्या लोखंडाला गंज चढतो, सगळा गाळ तांबडा होतो."

आई हसली. "तुझे बाबा तुझ्याबद्दल हेच म्हणतात. पोरीला हवा लागली."

मलाही हसू आलं.

"आणि कधी लागलीच नाही तर?" आईने नळीकडे बघत विचारलं.

"मग काळाच राहतो. आतल्या आत दबतो, तापतो. लाखो वर्षांनी त्याचं तेल होतं."

"म्हणजे शेवटी जळायचंच." आईने बॅग माझ्या टेबलाखाली सरकवली. "मी नाही जायची आता परत. मलाही लागू दे की गं हवा."