नऊ ठोकळ्यांतली अंगठी

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला उल्काच्या बोटात अंगठी नव्हती. सिमेंटच्या ठोकळ्याचा नववा साचा नुकताच भरून झाला होता.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत उल्का केमिस्ट होती. अंगठी साखरपुड्याची, शार्दूलच्या आजीची, बोटाला सैल. लग्न बारा दिवसांवर आलं होतं. दोघं आजवर एकदाच निवांत बोलली होती, चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा पोह्यांत गेली. अंगठी मिश्रणात पडली असणार, असं उल्काने सांगितलं. कोणत्या ठोकळ्यात, ते तिला सांगता येईना.

साडेबाराला राजाजीनगरहून तिचे वडील अप्पासाहेब हातोडा घेऊन आले. मागोमाग शार्दूल आला, गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र. आजीच्या अंगठीशिवाय अक्षता पडणार नाहीत, असं त्याच्या आईने पुण्याहून कळवलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख दयानंद दारात आडवे उभे राहिले. हे नऊ ठोकळे म्हणजे आजच्या मालाची परीक्षा, ते म्हणाले. उद्या साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे. तीन तिसऱ्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे, तीन सातव्या, तीन अठ्ठाविसाव्या. त्याआधी हात लावायचा नाही.

"फोडायचे तर फोडा अण्णा," त्यांनी अप्पासाहेबांना सांगितलं. "पण मग रिपोर्टवर सही तुमची. हुद्दा लिहा, मुलीचे वडील."

अप्पासाहेबांनी हातोडा पिशवीत ठेवला.

प्रोसेस फास्ट-ट्रॅक होऊ शकते का, असं शार्दूलने विचारलं. दयानंदांनी त्याला स्टुलावर बसवलं. चुनखडी आणि माती दळून साडेचौदाशे अंशांवर भाजतात. सुपारीएवढे काळे खडे निघतात, ते क्लिंकर. ते इथे येतात, शंभरात चार-पाच भाग जिप्सम घालून दळले जातात. झालं सिमेंट.

"जिप्सम कशाला?"

"घाई होऊ नये म्हणून," दयानंद म्हणाले. "नुसत्या क्लिंकरच्या पिठात पाणी घातलं, की घमेल्यातच दगड. थापी फिरवायला वेळ मिळत नाही."

उल्का तेव्हा फडताळातल्या बरण्या पुसत होती.

लग्न पुढे ढकललं गेलं. शुक्रवारी तीन ठोकळे फुटले. अंगठी नव्हती. शार्दूल रजा काढून आला होता. त्याने उल्काच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि अर्धा तास डोळे पुसले. सातव्या दिवशी बाह्या सरसावून पाण्याच्या टाकीतले ठोकळे त्यानेच काढले. एक स्वतःच्या पायावर पाडला. ठोकळ्याला इजा नाही, अशी नोंद आहे. अंगठी त्या तिघांतही नव्हती.

पुढचे तीन आठवडे काहीच फुटायचं नव्हतं. तरी तो पाच वेळा आला. दयानंदांनी कारण विचारलं नाही. त्याला चाळणी धरायला दिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी अप्पासाहेब पेढे घेऊन हजर होते. पहिला ठोकळा फुटला, दुसरा फुटला. शेवटचा बराच वेळ टिकला. मजबुती उत्तम भरली. अंगठी नव्हती. अप्पासाहेब पेढ्यांच्या पुड्यासकट खाली बसले. दयानंद त्यांना कॉफी पाजायला बाहेर घेऊन गेले.

उल्काने फडताळातून जिप्समची बरणी काढली. पांढऱ्या भुकटीत दोन बोटं घातली आणि अंगठी शार्दूलपुढे टेबलावर ठेवली.

"चाळीस मिनिटांत मला काही कळलं नव्हतं," ती म्हणाली.

शार्दूलने अंगठीवरची भुकटी फुंकून काढली. "आणि आता?"

"आता स्वल्प कळतंय."

दहा मिनिटांनी अप्पासाहेब परतले, तेव्हा टेबल पुसलेलं होतं आणि दोघं पेढे खात होती. संध्याकाळी पाचला दयानंदांनी नेहमीच्या तपासणीसाठी बरणी उघडली. अंगठी पुन्हा आत होती. ती कोणी ठेवली, याबाबत दोघंही आपलंच नाव सांगतात.