नाकातली भिंत

"हे तुमचं नाक, काका." डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

सुताराने चष्मा पुसून पाहिलं. सीटी स्कॅनच्या त्या करड्या चित्रात दोन काळ्या पोकळ्या होत्या आणि मध्ये एक पांढरी रेघ. सरळ खाली उतरायची सोडून ती डावीकडे पोट काढून बसली होती.

"ही मधली भिंत. वाकडी झालीय. डावीकडून वारा जवळजवळ जातच नाही."

"ओल लागली की फळीसुद्धा असाच पीळ खाते," तो म्हणाला. "लाकूड असतं तर घरीच रंधा मारला असता."

बाई हसल्या. "रंधा आम्ही मारू. ऑपरेशन लहानसंच आहे. पण नाकात बोळे असतात, रात्री जीव घाबरा होतो. सोबतीला घरचं माणूस हवं. बाहेर काउंटरवर नाव सांगा."

बाहेर येऊन तो खिडकीपाशी उभा राहिला. बराच वेळ फोन नुसता हातात धरला, मग बायकोला लावला. ती मुलीकडे गेली ती तिकडचीच झाली होती. भांडण असं काही नव्हतं. बोलणं मात्र कामापुरतं उरलं होतं.

"हं, बोला." मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

त्याने सांगितलं. तिकडचा नळ बंद झाला.

"तरीच," ती म्हणाली. "घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच अडकायचा. मी धडपडून उठायचे. नाकाखाली हात धरायचे. वारा लागला की मग आडवी व्हायचे. इतकी वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही झोपेत असायचात. आणि जागेपणी आपण बोलायचो कुठे?"

तो खिडकीच्या चौकटीचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिला.

"येशील? एकच रात्र."

"नको हो." ती रागाने बोलत नव्हती. "इथे आले तेव्हा कितीतरी दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. इतकं सामसूम. आता कुठे झोप लागतेय. पुन्हा ती सवय नको." मग म्हणाली, "जावयांना पाठवते. नाही म्हणायचे नाहीत ते."

"भला माणूस आहे."

"आहेतच. फक्त एकदा झोपले की ढोल वाजवले तरी जागे होत नाहीत."

नळ पुन्हा सुरू झाला आणि फोन बंद झाला.

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. "सोबतीला कोण?"

"जावई."

तो बाकावर जाऊन बसला. शेजारचं माणूस आत गेल्यावर त्याने आपला तळहात नाकाखाली धरला, आणि वारा लागतोय का ते बघत राहिला.