थोरल्याचे बूट

तिला मागणी घालायच्या आधी तिच्या आईचं, काकूंचं, मन जिंकावं, म्हणून उन्हाळाभर त्यांच्या शेतात राबायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी काकूंनी गेल्या वर्षी विहिरीत बुडालेल्या थोरल्या मुलाचे गमबूट माळ्यावरून काढून दिले. बोटांना चावत होते, पण नको म्हणवेना. दोन महिने चिखलात पाट वळवले, कांदे काढले, पोती वाहिली. काकू टक लावून बघायच्या. “चालतोसही अगदी त्याच्यासारखा,” म्हणायच्या. मी हुरळून जायचो, मुद्दाम तसंच चालायचो. शेवटच्या संध्याकाळी पायरीवर टेकलो. ती दारात होती. आज विचारतोच, असं डोळ्यांनी सांगितलं. तेवढ्यात काकूंनी डोक्यावरून हात फिरवला. “काकू काय म्हणतोस? आई म्हण.” माझं काळीज सुपाएवढं झालं. मग त्याच मायेनं लेकीला म्हणाल्या, “अगं, भावाला पाणी दे.” ती जागची हलली नाही. मी बूट काढायला वाकलो. ते आता चावत नव्हते.