राहिलेले शेवट

“मग?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“मग म्हातारी दाराशी आली आणि म्हणाली, ये गं बाळे, तुझी बोटं मोजते,” टिल्ली म्हणाली. “संपली गोष्ट.”

“अगं, संपली कशी? पुढे काय झालं म्हातारीचं?”

“काय माहीत. बाबा तिथेच पुस्तक मिटतो.”

टिल्लीचा बाबा, म्हणजे चौकातला कुलूपवाला, कानाची पाळी खाजवत खिडकीबाहेर बघू लागला. वाचनालयाच्या हिवाळी वाचन-आव्हानात पोरीचं नाव त्यानेच मोठ्या हौसेने घातलं होतं. परीकथा, पुराणकथा, राक्षसांच्या अद्भुत गोष्टी. थंडीभर वाचायच्या, शेवटच्या दिवशी येऊन बाईंना तोंडी सांगायच्या, की मिळाला बिल्ला. पण पहिल्याच गोष्टीचं शेवटचं पान चाळून बघतो तर काय, राक्षसाची मुंडी छाटलेली आणि रक्ताचा पाट! पोर आधीच अंधाराला घाबरणारी. मग त्याने आपली सोयीची वाट काढली. कापाकापीची चाहूल लागली रे लागली, की पुस्तक फटकन मिटायचं आणि “चला, झोपा आता” म्हणायचं. पुढची पानं त्याने स्वतःही कधी उघडली नाहीत. रक्त बघून घेरी येणारा माणूस तो.

“सगळ्याच गोष्टी अशा अर्धवट?” बाई हसू दाबत म्हणाल्या. “काय हो तुम्ही! म्हातारीला पार दारापर्यंत आणलीत आणि तिला मारायचा भागच गाळलात. आता ती बिचारी जाणार कुठे?”

“आमच्याकडे,” टिल्ली म्हणाली.

“काय?”

“सगळे आमच्याकडेच असतात. म्हातारी कपाटामागे. सावली गिळणारा राक्षस खाटेखाली. हडळ न्हाणीघरातल्या पिंपात, तिला पाणी लागतं ना.”

बाईंना हसू फुटलं, पण टिल्लीकडे बघता बघता ते मावळलं.

“काहीतरीच तुझं!” कुलूपवाला म्हणाला. “बाबाच्या कुलपातून मुंगी तरी आत शिरेल का गं?”

“आत कशाला शिरायचंय? ते आतच आहेत. तू बाहेरून कुलूप लावतोस, म्हणून त्यांना जाता येत नाही.” टिल्लीने आवाज खाली आणला. “ते चिडलेत, बाबा.”

बाईंनी घाईघाईने तिच्या स्वेटरला बिल्ला लावला. मग टिल्लीने परत आणलेल्या पुस्तकांचा गठ्ठा उचलला आणि बाहेर उभ्या असलेल्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीत चढवला. पुढच्या गावची मुलं वाट बघत होती. गाडी धुरळा उडवत निघून गेली, आणि टिल्ली ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

“शेवट पण गेले,” ती म्हणाली.

घरी येताना तिने दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते, एकही बोट बाहेर नाही. ते पाहून कुलूपवाला वाटेतच थांबला. काय करून बसलो आपण हे? पोरीला भीती नको म्हणून गाळलं, आणि एवढे दिवस ही एकटीच सगळी भीती उराशी घेऊन झोपत होती. वर आपण शेजारच्या खोलीत खुशाल घोरत होतो! त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

ऊन अजून जिन्यात होतं. दाराशी येऊन त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला, तशी टिल्लीने त्याचा सदरा मागे खेचला.

“आधी शेवट सांग. मग उघड.”

“मेले गं सगळे. झालं?”

“असं नाही! गोष्टीतल्यासारखं सांग. कसे मेले ते. म्हणजे खरंच मरतील.”

कुलूपवाल्याने जुडगा खिशात टाकला आणि दारासमोर उकिडवा बसला. घरात दोघांशिवाय तिसरं कुणी राहत नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला.

“बरं. तर म्हातारी दाराशी आली. आणि... आणि बिचारी फार दमलेली होती. मग गेली निघून आपली. लांब.”

“बाबा!” टिल्ली रडकुंडीला आली. “मेली म्हण ना!”

“अगं, म्हणतो, पण...”

कुलूप वाजलं.

वाऱ्याने कुलूप खुळखुळतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हे खुळखुळत नव्हतं. दाराच्या दोन्ही फळ्या आतून ओढल्यासारख्या मागे गेल्या होत्या, मधे बोटभर फट पडली होती आणि कोयंड्यातलं कुलूप ताठ झालं होतं. ते तसंच राहिलं. कोयंड्याचा एक खिळा लाकडातून किंचित वर आला.

कुलूपवाल्याने टिल्लीला पाठीशी घातलं.

“मग त्या मुलीच्या बाबाने,” तो मोठ्याने म्हणाला, “कुऱ्हाड उचलली. उचलली आणि म्हातारीच्या... म्हातारीच्या...”

पुढचा शब्द काही केल्या येईना. टिल्लीने डोळे गच्च मिटून घेतले.

फटीतून चार बोटं बाहेर आली आणि फळीच्या कडेवर एकामागून एक नीट मांडून बसली.

“मग?” आतून कुणीतरी विचारलं.