सोफ्यावरचं प्लॅस्टिक

धाकट्या दिराच्या वडगावच्या घरात शिरताच पारमितानं नाक मुरडलं. छताला गुलाबी झुंबर, भिंतीवर सोनेरी हरणं, आणि लाल मखमली सोफ्यावर दुकानातनं आलेलं प्लॅस्टिक तीन वर्षं तसंच! ती राहायची त्या कॅम्पात असलं ध्यान कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

"भावजी, सोफा बसायला घेतलाय का बांधून ठेवायला?"

"वहिनी, प्लॅस्टिक तेवढं काढू नगा," भीमरत्न दारातनंच म्हणाला.

ती सोफ्यावर टेकली, तर तिच्या शेजारी प्लॅस्टिकवर वाफ धरली होती. तिनं ती पदरानं पुसली. पदर कोरडाच राहिला. वाफ आतल्या बाजूला होती. पसरत होती, विरत होती, पुन्हा पसरत होती.

"शी! ओल धरलीय," म्हणत तिनं प्लॅस्टिकचा कोपरा खसकन ओढला.

आतून कुणीतरी तो हळूच परत ओढून घेतला.