बिनकोठाराचं राज्य

"डावीकडची दांडी तुम्ही फिरवा, उजवीकडची बटणं मी दाबते," असं म्हणत शैलाताईंनी खेळाचा कंट्रोलर नवऱ्याच्या डाव्या हातात दिला. आमटीपासून अर्थसंकल्पापर्यंत कशालाही नावं ठेवणारा हा माणूस, पक्षाघाताने उजवा हात गेल्यापासून सव्वा महिना गप्प होता. वाढलेलं मुकाट जेवत होता. बुद्धी कितपत शाबूत आहे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

वीस वर्षं नवऱ्याने कॉम्प्युटरवरच्या खेळात राज्यं उभारली होती. आता माउस धरवत नव्हता, म्हणून लेकीने त्याच खेळाची टीव्हीवर खेळायची सोपी आवृत्ती पाठवली होती.

पडद्यावर नगर उभं राहिलं. शैलाताईंनी बटण दाबलं आणि सैन्य थेट स्वारीवर निघालं. नवऱ्याचा दांडीवरचा अंगठा थांबला. कपाळाला आठी पडली.

"को... कोठार?"

"काय हो?"

"धान्याचं कोठार कुठंय? सैन्य खाणार काय?" जीभ जड होती, पण शब्द कळत होते. "सगळं काढून टाकलंय. पोरखेळ नुसता!"

शैलाताईंनी लेकीला फोन लावला आणि जवळजवळ ओरडल्याच, "अगं, बाबांनी तुझ्या खेळाला नावं ठेवली!"